सडा, रहाटी, खाडी : रत्नागिरीच्या परिसरातील मोकळ्या जागा

रत्नागिरी शहर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, आणि त्याच्या उतरणींवर वसले आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला काजळी नदीची भाट्ये खाडी, उत्तरेला मिऱ्या डोंगर आणि त्यापलीकडची काळबादेवीची खाडी, तर पूर्वेला हातखंब्याच्या दिशेने चढत गेलेला सडा अशी त्याची चौकट आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७६ हजारांच्या घरात होती. मुंबई-पुण्याच्या मानाने हे गाव लहान. तरीही जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या नागरी केंद्रांपैकी हे एक आहे आणि इथल्या रहिवाशालाही रविवारची संध्याकाळ कुठे घालवावी हा प्रश्न पडतोच. मुंबईची राणीची बाग किंवा पुण्याचा पेशवे पार्क या आखून, लावून, कुंपण घालून तयार केलेल्या जागा आहेत. रत्नागिरीत अशी उद्याने थोडी आणि लहान आहेत. इथला निसर्ग सडा, पऱ्या (ओढा), रहाटी (देवाचे रान), आगर (नारळी-पोफळीची बाग), खाजण (खाडीकाठची खारी जमीन), पुळण (वाळूचा किनारा) या नावांनी वाटलेला आहे. या वाटण्या नगररचनाकाराने केलेल्या नाहीत. त्या जमिनीच्या घडणीने, पावसाने आणि गावाच्या रूढीने झाल्या आहेत. प्रत्येकीचा हंगाम वेगळा, मालकी वेगळी आणि तिथे पाऊल ठेवण्याची रीतही वेगळी.

या सगळ्याच्या मुळाशी जांभा दगड आहे. लक्षावधी वर्षे उष्ण आणि दमट हवेत काळा पाषाण कुजत, झिजत गेला, त्यातले विरघळणारे घटक पाण्याबरोबर वाहून गेले आणि लोह व अॅल्युमिनियमची संयुगे मागे उरली. त्यांचा सच्छिद्र, तांबूस थर म्हणजे जांभा. खाणीतून ताजा काढलेला चिरा तासायला सोपा असतो, हवा-पाणी लागले की तो टणक होतो. कोकणातले घर, बागेभोवतीचा गडगा, विहिरीचे बांधकाम आणि वाडीत उतरणारी पाखाडी या सगळ्यांना हाच चिरा लागतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी सड्यावर साठत मात्र नाही. काही वाहून जाते, काही भेगांतून आत मुरते आणि खालच्या शेडीच्या चिकण थरावर अडून सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाड्या, बावी (विहिरी) आणि नारळी-पोफळीची आगरे नेमकी तिथेच आढळतात. वर उघडा कातळ आणि पायथ्याला गर्द सावली हे कोकणचे चित्र या एका कारणाने घडले आहे. मोठी नैसर्गिक सरोवरे इथे नाहीत, त्याचेही कारण हेच.

परिसरातल्या सर्व मोकळ्या जागांत पहिले स्थान सड्याला द्यावे लागते, आणि सर्वांत दुर्लक्षित जागाही तीच आहे. मे महिन्यात सडा पाहणाऱ्याला तिथे काळवंडलेला दगड आणि करपलेल्या गवताचे झुबके यांखेरीज काही दिसत नाही. मृगाचा पाऊस चार-सहा दिवस पडला की चित्र पालटू लागते. कातळावरच्या वाटीएवढ्या खळग्यांत पाणी साचते, त्यात शेवाळ धरते, बेडकांची अंडी दिसू लागतात. भेगांतल्या मूठभर मातीतून कंद फुटतात. दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती याच सुमारास फुलते. ती फक्त कोकणातल्या सड्यांवर उगवते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. श्रावणात गेंदाची पांढरी बोंडे पाणथळ कातळावर पसरतात. त्यांच्या आगेमागे सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, कवल्याचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी. भाद्रपद संपता संपता पाणी आटते आणि सगळे बीजरूपाने पुन्हा दगडात जाऊन बसते.

सड्यावरचा हा संसार बसून पाहावा लागतो. उभ्याने पाहिले तर नुसता रंग दिसतो. गुडघे टेकून पाहिले तर सीतेच्या आसवांच्या नखाएवढ्या फुलाखाली, पाण्यातल्या धाग्यासारख्या भागांवर, मोहरीहूनही लहान फुगे दिसतात. हे फुगे म्हणजे सापळे आहेत. पाण्यातला सूक्ष्म जीव त्यांच्या तोंडाशी आला की फुगा उघडतो आणि पाण्यासकट त्याला आत ओढून घेतो. शेजारीच दवबिंदूची लालसर पाने असतात. त्यांच्या केसांवर चिकट थेंब चमकतात आणि त्यांत एखादे चिलट अडकलेले असते. कातळावर नत्र नाही, म्हणून तो कीटकांतून मिळवायचा हा या वनस्पतींनी काढलेला मार्ग आहे. सातारा जिल्ह्यातले कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून तिथे फुले पाहायला झुंबड उडते. रत्नागिरीच्या सड्यांची उंची, हवा आणि काही जाती वेगळ्या असल्या, तरी त्यांची योग्यता कमी नाही. फरक कागदपत्रांचा आहे. यातला बराचसा सडा खासगी मालकीचा आहे आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद पडीक किंवा पोटखराबा अशी होते. ज्या जमिनीला कागदच निरुपयोगी म्हणतो, तिथे चिरेखाण काढायला, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पाडायला किंवा भूखंड आखायला कोणाला संकोच वाटावा? ही नोंद वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहे आणि पाण्याच्या दृष्टीने तर घातक आहे, कारण पायथ्याच्या बावीला पाणी पुरवणारा हाच दगड आहे.

इतिहासाच्या दृष्टीनेही पडीक ही नोंद चुकीचीच आहे. याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. जांभ्याच्या सपाट पृष्ठभागावर खोदून काढलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या, माशांच्या आणि अर्थ न उलगडलेल्या चौकोनी रचनांच्या या आकृती गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या, पण त्यांचा पद्धतशीर शोध गेल्या काही दशकांत, मुख्यतः रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव पायी फिरून घेतला. शहराजवळ उक्षी आणि जांभरूण, राजापूर तालुक्यात कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे अशी ठिकाणे त्यांत येतात. कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. उक्षीचा हत्ती पूर्ण आकाराचा आहे आणि ग्रामस्थांच्या पुढाकाराने त्याच्याभोवती संरक्षक भिंत बांधली गेली. कशेळीच्या महाकाय हत्तीच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती भरलेल्या आहेत. काही ठिकाणी एकशिंगी गेंडा दिसतो. कोकणात आज गेंडा नाही. खोदणाऱ्याने तो पाहिलेला असला पाहिजे. शिल्पांचा नेमका काळ ठरवण्याचे काम चालू असून अनेक अभ्यासक तो मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. ही शिल्पे पाहण्याची उत्तम वेळ सकाळची किंवा उन्हे उतरतानाची. तिरप्या प्रकाशात खोदरेषेत सावली बसते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी त्याच जागी उभे राहूनही शिल्प हरवते.

झाडी पाहायची तर सड्यावरून खाली, रहाटीत उतरावे लागते. इतरत्र जिला देवराई म्हणतात, तिला रत्नागिरीकडे देवरहाटी हे नाव आहे. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले हे रान. इथे कुऱ्हाड चालत नाही. कित्येक गावांत पडलेले लाकूडही घरी न्यायची मुभा नसते, आणि देवळाच्या कामाला झाड हवे असले तरी आधी देवीला कौल लावला जातो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून या रूढीचे शास्त्रीय मोल दाखवून दिले. रत्नागिरी जिल्ह्यात ते मोल दुप्पट आहे, कारण इथे वनखात्याच्या ताब्यातले जंगल अगदीच थोडे आहे. डोंगर पूर्वी खोतांच्या आणि कुळांच्या वहिवाटीत होते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, जमिनीची खातेफोड झाली, आणि खासगी झाडी वखारीसाठी, कोळशासाठी, घरबांधणीसाठी पुन्हा पुन्हा तुटत राहिली. म्हाताऱ्या झाडांचे रान असे जे काही उरले, ते बहुतांशी देवाच्या धाकाने उरले.

संगमेश्वर, लांजा आणि राजापूर तालुक्यांच्या आतल्या गावांत अशा रहाट्या आजही आहेत. आत शिरताच उन्हाचा चटका नाहीसा होतो आणि पायाखाली पाचोळ्याचा जाड थर लागतो. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, काजरा यांचे सरळसोट बुंधे, त्यांना वेढून वर गेलेली मनगटाहून जाड गारंबीची वेल, तिची लोंबणारी हातभर लांब शेंग. या शेंगेतली तपकिरी, गुळगुळीत बी कोकणातल्या मुलांना खेळायला पुरते. म्हातारी झाडे का महत्त्वाची, हे ककणेर पक्ष्यावरून कळते. या धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. एक चिंचोळी फट तेवढी उरते, आणि पिले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून फळे भरवीत राहतो. पन्नास वर्षांच्या झाडात अशी ढोली सहसा नसते. खाल्लेल्या फळांच्या बिया हा पक्षी दूरवर टाकतो, त्यामुळे रान वाढवण्याचे कामही त्याच्याकडेच आहे. रहाट्यांवर आज संकट आले आहे ते जीर्णोद्धाराच्या रूपाने. कौलारू देऊळ उतरवून सिमेंटची इमारत बांधायची आणि तिचा खर्च भागवायला दोन-चार मोठी झाडे द्यायची, असे घडते. भाविकांची श्रद्धा खरी असते, यात शंका नाही. मात्र देवीचे वास्तव्य रानात आहे ही जुनी समजूत या श्रद्धेला अधिक शोभणारी होती.

पाण्याच्या जागा थोडक्यात सांगता येतात. तलाव म्हणून शहराजवळ पाहण्यासारखे आहेत ते पाणीपुरवठ्याचे शीळ आणि पानवल येथील जलाशय. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागले की लोक ते पाहायला जातात. देवळांपुढची चिरेबंदी तळी लहान असली तरी त्यांच्या पायऱ्यांवरची शांतता मोठी असते. मुंबई-गोवा महामार्गावरचा निवळीचा धबधबा आणि उक्षीजवळचा, कोकण रेल्वेतून दिसणारा रानपाटचा धबधबा हे दोन्ही जूनअखेर सुरू होतात आणि दसऱ्यानंतर रोडावतात. पानवलचा रेल्वेपूल ६४ मीटर उंच आहे. त्याच्या खालची दरी पाहिली की एका पऱ्याने सडा किती खोल कापला आहे, याचा अंदाज येतो. पाऊस गेल्यावर गावकरी पऱ्यांवर मातीच्या पोत्यांचे वनराई बंधारे घालतात, त्यांच्या मागे महिना-दोन महिने लहानसा डोह उभा राहतो. ज्या जिल्ह्यात आषाढात घराबाहेर पडवत नाही, त्याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर फिरतात. म्हणूनच हे दोन महिन्यांचे डोह वाडीला जपून ठेवावेसे वाटतात.

लागवडीखालच्या बागा हा वेगळा प्रकार. हापूसच्या बागा चहूकडे आहेत, पण त्या मालकाच्या पोटापाण्याच्या आहेत. गडगा ओलांडून आत जाणे गैर, विशेषतः मोहोर आणि फळाच्या दिवसांत. ज्याला आगर समजून घ्यायचे आहे त्याने भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र पाहावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र समुद्राला लागून आहे. नारळाच्या दोन झाडांमधल्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी यांसारखी मसाल्याची पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत याच केंद्राने शेतकऱ्यांपुढे ठेवली. नारळाच्या झावळ्यांतून गाळून येणारे ऊन, खोडावर चढलेला मिरवेल आणि खाली जायफळाची गडद पालवी अशी तीन मजल्यांची ही बाग कोणत्याही शोभेच्या उद्यानाहून देखणी आहे.

केंद्रासमोरच काजळी नदी समुद्राला मिळते. भाट्ये खाडीत, तसेच उत्तरेकडे साखरतर, काळबादेवी आणि आरे या बाजूंना कांदळवने आहेत. तिवर, कांदळ, चिप्पी या तिथल्या मुख्य जाती, आणि यांतल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष हा मान मिळाला. चिखलात हवा नसल्यामुळे तिवर आणि चिप्पीची मुळे बोटांसारखी जमिनीबाहेर येऊन श्वास घेतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि हातभर लांब झाल्यावर भाल्यासारखे चिखलात पडते. माशांची आणि कोळंबीची पिले याच मुळांच्या जाळ्यात वाढतात, म्हणून मिरकरवाडा बंदराचे भवितव्य काही अंशी या चिखलात आहे. ओहोटीला खाडीच्या वाळूत बायका मुळे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढताना दिसतात, पाठ वाकवून, दोन-तीन तास, पाणी परत चढेपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने कांदळवनांची तोड आणि त्यांत भराव घालणे यांना मनाई झाली. त्यामुळे सड्याला नसलेले कायद्याचे कवच खाडीला तरी मिळाले.

किनाऱ्यावर रत्नदुर्ग किल्ल्याचे टोक समुद्रात घुसले आहे आणि त्याच्या दोन बाजूंना काळा आणि पांढरा असे दोन समुद्र आहेत. मांडवीकडच्या काळ्या समुद्राची वाळू इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे काळसर दिसते. भाट्ये पुळणीवर सुरूचे बन आहे. त्यातून वारा गेला की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो आणि लोकांना ते फार आवडते. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सुरू हे इथले झाड नाही, ते लावून वाढवलेले आहे, आणि त्याच्या सुयांच्या थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. पुळणीची अस्सल वनस्पती म्हणजे जांभळ्या फुलांची मर्यादवेल आणि वाऱ्यावर घरंगळणाऱ्या काटेरी गोळ्यांच्या रावणाच्या मिशा. वाळू धरून ठेवण्याचे काम त्यांनी आधीपासून चालवले होते. मागच्या बाजूला केवडा आणि उंडी. गावखडी आणि मालगुंडच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात आणि त्यांना लागते ती मोकळी, उताराची वाळू. मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे २००२ च्या सुमारास सुरू झालेले कासव संवर्धनाचे काम पुढे दक्षिणेकडच्या गावांनीही उचलले. अंडी जाळीच्या कुंपणात हलवून पिले समुद्रात सोडली जातात, ती वेळ गावकऱ्यांकडून विचारून घ्यावी.

शहरातल्या जागांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. थिबा पॉइंटवरून भाट्ये खाडी, पूल आणि माडांची रांग एका नजरेत येते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. जवळचा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. रत्नदुर्गावर भगवतीचे देऊळ आणि दीपगृह आहे, तटावरून मिरकरवाड्याच्या होड्या दिसतात. झाडगाव येथील सागरी संशोधन केंद्राचे मत्स्यालय मुलांना आधी दाखवावे आणि मग मांडवीला न्यावे, म्हणजे पाण्याखाली काय आहे याची कल्पना घेऊन ती समुद्राकडे पाहतील. सह्याद्रीच्या बाजूला मारळचे मार्लेश्वर आणि त्याचा धारेश्वर धबधबा आहे. तिथून वरचे रान २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत जाते. ती सफर एका संध्याकाळची नव्हे.

या सर्व जागा पाहताना चार गोष्टी पाळाव्यात. सड्यावर दगड उलटू नये आणि गवतात हात घालू नये, कारण रत्नागिरी फुरशांसाठी प्रसिद्ध आहे. वीतभर लांबीचा, दगडाच्याच रंगाचा हा साप सहज दिसत नाही आणि त्याचे विष जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात सड्यावर गाडी घालू नये. एका चाकोरीखाली चिरडलेले कंद पुढल्या वर्षी फुटत नाहीत. रहाटीत शिरण्यापूर्वी गुरवाला किंवा मानकऱ्यांना विचारावे, चपला बाहेर काढाव्या, आणि काही उचलून आणू नये. खाडीत व पुळणीवर उतरण्याआधी पंचांग पाहावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते, त्या दिवशी पावसाळ्यात खडकांवर जाऊ नये.